मेईला न गेलेला प्रश्न

माझी बायको वत्सला गेली त्या दुपारी आम्ही ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मधेच म्हणाली, "मेईचा जवाब आला का?" मी नाही म्हटलं. "रागावली असन पोरगी," ती म्हणाली. मी मान खाली घालून सोलत राहिलो... संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. अमरावतीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दीड महिना झाला आता.

मेई आमची सून. आमचा पोरगा प्रमोद नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात होता, तिथून मशिनीच्या कामावर चीनला गेला अन् तिथंच लग्न केलं. फोनवर मेई बोलायची, प्रमोद मराठीत सांगायचा. वत्सला वलगावात पाच वर्षं पंचायतीची मेंबर होती. ग्रामसभेत उत्तर मिळाल्याबिगर खाली बसत नसे. सुनेलाही तेच विचारलं, "तुमच्या गावचा सरपंच कोन निवडते वं?" मेईनं सांगितलं, लहानपणी गावात मतदान पाहिलं. पुढं लोक फोनवर तक्रारी लिहू लागले, तेव्हा साहेब लोकही म्हणायचे, हीसुद्धा लोकशाहीच. आता सरकार म्हणतं, आमची लोकशाही वेगळी, बाहेरच्यांनी शिकवू नये. मत अजून विचारतात, फोनवरच. पण नको ते लिहिलं तर पुसलं जातं.

वत्सलाला ते पुसणं पटेना. दुसऱ्या दिवशी तिनं फोनवर निरोप बोलायला घेतला. तिची बोटं आखडलेली, म्हणून बटण मी दाबून धरायचो. "मेई, ज्याचं पुसलं त्याले कोनी सांगते का, कावून पुसलं म्हनून?"

असला प्रश्न तिकडच्या सरकारनं ऐकला तर, म्हणून मला प्रमोदच्या नोकरीची धास्ती. बोट वर सरकवलं की निरोप जात नाही, हे मला ठाऊक होतं. सरकवलं.

"गेला का?"

"गेला."

आठ दिवस ती रोज विचारायची. खरं सांगितलं असतं तर भांडली असती, दोन दिवस बोलली नसती. बस्स, एवढंच झालं असतं...

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तिला स्मशानात न्यायच्या आधी, मी फोन लावला. प्रमोद रडत होता, त्याला तिकीट मिळालं नव्हतं. म्हटलं, "मेईले बोलाव." ती आली. "तुयी सासू तुया जवाबाची वाट पाहत गेली. निरोप मीच पाठवला नव्हता." प्रमोदनं तिला सांगितलं. ती हळू काही बोलली.

"काय म्हनते?"

"आईनं काय इचारलं होतं, म्हनते... बाबा, राहू द्या आता."

मी राहू दिलं नाही. प्रश्न जसाच्या तसा सांगितला.