पहिली धार वेगळ्या पिंपात

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका पानोपानी सापडतील. चौथीनंतर शाळा सुटली. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

काकी आधी तळहात पुढे करायची. भट्टीच्या नळीतून पडणारे थेंब हातावर घ्यायची, फुंकर मारायची आणि हात वाळला की नाकाशी न्यायची. मग म्हणायची, "अजून नाय. थांब जरा."

ती माझी सख्खी काकी नव्हे. तळवलीत आमच्या शेजारी राहायची, लवकर विधवा झालेली. साठ सालानंतर रस्त्याच्या कडेने कारखाने येऊ लागले, शेतं गेली, तेव्हा आम्ही काही बायका जवळच्या पावणे गावातल्या एका लहान कारखान्यात पिंपं धुवायला जाऊ लागलो. मी तर मान खाली घालून तिच्या मागोमाग चालायची.

तिथे रंगवाल्यांकडून रंग पातळ करायला वापरून मळलेलं थिनर यायचं. ते बंद टाकीत तापवायचं. टाकीतून निघालेली वाफ थंड पाण्यात बुडवलेल्या नळीतून गेली की तिचं पुन्हा स्वच्छ थिनर होऊन टपकायचं. रंगाचा गाळ टाकीच्या बुडाशी राहायचा. काकीने पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि ती हसली. "ही तं आमच्या आयचीच भट्टी. निस्ती लोखंडाची हाय."

दारूबंदीच्या आधी तिची आई गुळाची दारू काढायची. हे कारखान्याच्या शेठच्या कानावर गेलं आणि त्यांनी काकीला पिंपांवरून उचलून भट्टीवर बसवलं. आमच्या गावात याआधी कुठली बाई यंत्रावर बसली होती? मला तर मीच बसल्यासारखं वाटलं. गावातले बाप्ये मात्र टोमणे मारायचे.

"काकी, आज कंची काढलीस? घोटभर ठेव की."

"ठेवतंय. पन पिलास तं आतला रंग निघंल तुजा."

केमिस्ट साहेब देशावरचे, वयाने तरुण. त्यांनी तिला बजावलं होतं की पहिली धार वेगळ्या पिंपात काढायची, ती माल म्हणून विकायची नाही. काकी मान डोलवायची, पण तिला ते पटलेलं नव्हतं. तिच्या आईकडे पहिली धार सगळ्यांत भारी. ती जावयासाठी ठेवलेली असायची. इथेही पहिली धार काचेसारखी नितळ आणि वासाला तिखट. असा माल बाजूला टाकायचा म्हणजे काय?

साहेब गावी गेले होते त्या आठवड्यात तिने ती धार चांगल्या पिंपात जमवली आणि सगळ्यांत जुन्या गिऱ्हाइकाला पाठवायला लावली. कपाटं करणारा होता तो. गिऱ्हाइकाचा मान ठेवला, असं तिला वाटलं.

त्याच्या कपाटांचं पॉलिश पांढरं पडलं. माल परत आला, कपाटांची भरपाई शेठच्या गळ्यात आली. शेठ तापले. म्हणाले, चूक माझीच, बायकांना भट्टी द्यायलाच नको होती. उद्यापासून काकी पिंपांवर. आम्ही साऱ्या भिंतीला लागून उभ्या होतो.

काकी म्हणाली, "चूक माजी हाय शेठ, बायकांची नाय. पैसं मी भरीन. पन भट्टीवरना उठनार नाय."

केमिस्ट साहेब परत आले, तेव्हा त्यांनी मध्ये पडून तिला ठेवून घेतलं. त्यांनी तिला समजावलं की जे लवकर उडतं ते आधी येतं, आणि फार लवकर उडणारं थिनर पॉलिशला हवेतली ओल धरायला लावतं, म्हणून ते पांढरं पडतं. मधलं येतं तेच आपलं, आणि जड ते बुडाशी राहतं. काकीला आकडे वाचता येत नव्हते. तिने टाकीच्या मानेतल्या थर्मामीटरवर दोन दोरे बांधून घेतले, एक काळा, एक लाल. पारा काळ्याच्या वर गेला की पिंप बदलायचं, लालपाशी आला की बंद करायचं. तरीही तळहात पुढे व्हायचाच. त्यानंतर एकही पिंप परत आलं नाही. मी हे अभिमानाने लिहिते आहे.

काकीच्या दर पगारातून भरपाईचे पैसे कापले जायचे. सुट्टीच्या दिवशी ओहोटी लागली की काकी खाडीत खुबे-शिंपले काढायची आणि बाजारात विकून तेही पैसे आणून भरायची. दिराने मदत देऊ केली, ती घेतली नाही.

आता काकी नाही. कारखान्याचं फाटकही बदललं. पण तो पगाराचा दिवस मला दिसतो. शेठ म्हणाले, "राहिलेले सोडले मी. तुझ्यामुळे माल सुधारला. जा, फिटलं समज."

काकीने कमरेची पिशवी सोडली आणि नोटा, नाणी टेबलावर ओतली. "समजून नको, शेठ. मोजा."

शेठनी मोजले. पुरे होते. त्यांनी ते गल्ल्यात टाकले, तेव्हा कुठे काकी टेबलापासून हलली.