तात्यांची थोरली

आमच्या घरात कुणाला ताप आला की कपाळाला हात लावून बघायचं काम आईचं. तात्यांचा हात लागायचा तो लाँचच्या इंजिनाला. झाकणावर उलटा पंजा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "तापलीय. दम घेऊ दे तिला." मग भर खाडीत इंजिन बंद. आई, आम्ही तीन पोरं आणि चहूकडे पाणी. तात्या कठड्यावर बसून निवांत विडी ओढायचे, आणि पायाशी पेट्रोलचा डबा.

तात्या म्हणजे माझे वडील. पनवेलात आमची भाताची गिरणी होती. गिरणीचं इंजिन ते पोटासाठी सांभाळत, पण जीव लाँचवर. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा मुंबईच्या एका पारशी म्हाताऱ्याकडून त्यांनी ती घेतली. सागवानी, निमुळती, पितळी कड्यांची आणि तात्यांच्या लग्नाहूनही जुनी. बंदरावर आणली त्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून जमलेल्या लोकांना सांगितलं, "ही आजपासून दुसरी. थोरली ती बघा, पाण्यात उभी आहे." लोक हसले. मी आठ वर्षांची होते, मला काही हसू आलं नाही.

तेव्हापासून घरात तिचं नावच थोरली पडलं. थोरलीला रंग, थोरलीला तेल, थोरलीला बसायला नवी गादी. मधू लहान, छबी तर अजून बोबडं बोलायची, त्यांना त्याचं काही नव्हतं. मला मात्र त्या लाकडाचा मनापासून राग यायचा. खोटं कशाला सांगू, दिसायची ती देखणी. ओलं झालेलं सागवान उन्हात असं चमकायचं की राग आलेला असतानाही बघत राहावं. पण तिच्या तळाशी पाणी कायम साचलेलं असे. तात्यांच्या लेखी ते गळणं नव्हतंच. "लाकूड आहे, घाम येणारच," म्हणायचे. तो घाम पत्र्याच्या डब्याने उपसायचं काम माझ्याकडे.

आई नेऱ्याची, डोंगराखालच्या गावातली. तिच्या माहेरची नदी उन्हाळ्यात पोरं उड्या मारून ओलांडायची. खाडी तिला कधी आपली वाटली नाही. लाँचमध्ये बसण्याआधी ती न चुकता छबीच्या पायातले चांदीचे वाळे काढून देव्हाऱ्यात ठेवायची. मी एकदा विचारलं, का गं? ती म्हणाली, "जड असतात." वाळे केवढे, त्यांचं वजन ते काय! पण पुन्हा विचारायचा मला धीर झाला नाही.

आमच्या या सहलींमध्ये एक गोम होती. गिरणी बंद असायची ती सणाला, आणि आम्हाला सुट्टी तीही सणाला. आपले बरेच सण येतात पौर्णिमेला नाहीतर अमावास्येला. नारळी पौर्णिमा घ्या, कोजागिरी घ्या, दिवाळी घ्या. आणि नेमकी तेव्हाच खाडीला उधाण असतं. पाणी चढतं तेही भलतं आणि ओसरतं तेही भलतं. म्हणजे आम्ही नटूनथटून ज्या दिवशी निघायचो, तो नेमका घरी बसायचा दिवस असायचा. तात्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्यांना भरतीच तेवढी दिसायची. "सणाला खाडीसुद्धा भरून येते बघा," असं कौतुकाने म्हणायचे. दिवाळीत परत येताना लाँचचं बूड चिखलावर घासलं. तो लांबलचक आवाज पायांच्या तळव्यांतून वर आला. आईने छबीला कुशीत ओढलं. तात्यांनी कठड्यावर थोपटलं. "आपली आहे ती, दगा देणार नाही."

पुढची सहल होळीची. दुपारी पुरणपोळीचा नैवेद्य झाला आणि तुडुंब पाण्यावर आम्ही निघालो. आई म्हणाली, "संध्याकाळी होळीच्या पूजेला घरी पाहिजे हं." तात्या म्हणाले, "जाऊन आलोच." खाडी रुंद होते तिथवर गेलो, बगळे बघितले, वळलो. परतीच्या वाटेवर तात्यांनी झाकणावर पंजा ठेवला. "दम घेऊ दे तिला."

तो दम भलताच लांबला. तात्यांनी हँडल मारलं, इंजिन खोकलं आणि थांबलं. पुन्हा मारलं, नुसतंच फिरलं. शर्ट घामाने चिंब झाला तरी ते हँडल मारत राहिले. एव्हाना ओहोटीने आम्हाला कडेला लोटलं होतं. मग पाणी आमच्या खालून निघूनच गेलं. थोरली चिखलाच्या उतारावर बसली आणि हळूहळू खाडीच्या बाजूला कलली. माझा डबा घरंगळत खालच्या कठड्याला जाऊन लागला.

हाकेच्या अंतरावर तिवरांची झाडी, तिच्यामागे बांध, आणि बांधावर गावकरी होळी रचत होते. तात्यांनी दोन्ही हात उंचावून हाक मारली. तिकडून तोंडावर हात आपटत बोंब आली. तात्या आणखी जोराने ओरडले, "अडकलोय! या इकडे!" तिकडे जल्लोष झाला आणि दहा-वीस तोंडांची बोंब उठली. शिमगा होता, खाडीतून कुणी ओरडतंय म्हणजे त्यांना सवालच आला होता आणि ते जवाब देत होते. मधूला गंमत वाटली, त्यानेही तोंडावर हात आपटला. तात्या ओरडत राहिले, आणि ते जितके जास्त ओरडले तितके पलीकडचे लोक खूश होत गेले.

दिवस मावळला. होळी पेटली. मी म्हटलं, "भरती आली की उठेल ना ती?"  तात्या खालच्या कठड्याकडे बघत होते. आईने हळूच विचारलं, "अहो, उठेल ना?"

"उठायच्या आधी भरेल," तात्या म्हणाले.

त्यांनी कधी थोरलीबद्दल वाईट बोललेलं मी ऐकलं नव्हतं. पुढच्याच क्षणी इंजिनाचं लोखंडी हँडल उचलून ते तिच्यावर तुटून पडले. बैठकीच्या फळ्या उखडल्या, तळाच्या उखडल्या. दर घावाला छबी दचकायची. चिखल कमरेइतका खोल, त्यात पाय टाकला तर निघायचा नाही. तात्यांनी फळ्या पुढे टाकल्या. आईने छबीला पाठीशी बांधलं. पुढच्या फळीवर पाऊल, मागची उचलून पुढे, असं करत ते तिघं तिवरांपर्यंत पोचले. तिथून बांधावर जायची वाट झाडीत दिसेना, म्हणून आई छबीला घेऊन मुळांवरच थांबली. पुऱ्या चंद्रप्रकाशात मला ते दिसत होते, आणि दुसरीकडून चमकत येणारं पाणीही दिसत होतं.

तात्या परत आले. एकालाच घेता येणार होतं. मधू रडत होता. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू थोरली. तू शेवटी."

ज्या शब्दासाठी मी वर्षभर झुरले, तो मला असा मिळाला. मी त्या उखडलेल्या लाकडात एकटी बसले. पाणी खालच्या कठड्यावरून आत आलं, अगदी सावकाश, घरात कुणी ओळखीचं यावं तसं. आधी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. मी डब्याने उपसत होते. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

तात्या दुसऱ्यांदा परत आले तेव्हा फळ्या तरंगून वाहत गेल्या होत्या. ते चिखलातून स्वतःला ओढत आले. मला खांद्यावर बसवलं, दोन पावलं टाकली आणि थांबले. "घट्ट धर," एवढंच म्हणाले. त्यांचे पाय रुतले होते. पाणी त्यांच्या छातीशी आलं, गळ्याशी आलं. ते ओरडत होते, आणि बांधावरून अजून जवाब येत होता.

तेवढ्यात तिवरांमधून आईची बोंब आली. माझी आई, जी शेजारणीशीही हळू आवाजात बोलायची, ती तोंडावर हात आपटत होती. शिमग्याची बोंब पुरुषांनी मारायची, बाईने नाही. बांधावरचा दंगा एकदम थांबला. होळीतली पेटती लाकडं घेऊन माणसं धावत आली, मागून एक होडी आली. त्यांनी आधी मला उचललं. तात्यांना काखेत दोर घालून ओढावं लागलं. पाणी तेव्हा त्यांच्या ओठांना लागलं होतं आणि मान मागे टाकून ते आकाशाकडे बघत होते.

"आमाला वाटला शिमगा हाय," होडीतला म्हातारा पुन्हा पुन्हा म्हणत होता. "बाईमानसाचा आवाज आयकला तवा कललं. नायतर आमी मारतच व्हतो वो बोंबा."

थोरली उठली नाही. बरीच वर्षं ओहोटीला तिच्या फासळ्या दिसायच्या. तात्यांनी तिकडे मान वळवून कधी बघितलं नाही, तिचं नावही काढलं नाही. आईने त्यांना सगळं माफ केलं, मला शेवटी ठेवलं ते सोडून. "मोठी असली म्हणून काय झालं?" एवढं ती एकदाच बोलली, आणि तात्यांनी मान खाली घातली. मला विचाराल तर दुसरा मार्ग नव्हता. ते बरोबरच होते. तरीही त्या पाण्याची भीती माझ्या अंगातून गेलेली नाही.

त्यानंतर तात्यांनी घरची होळी कधी पेटवली नाही. दर वर्षी त्या संध्याकाळी, चिखलातून ओढून काढताना अधू झालेल्या पायाने लंगडत ते बंदरावर जाऊन उभे राहायचे. खाडीकडून बोंब आली की जो भेटेल त्याला सांगायचे, "जरा बघा हो कोण ओरडतंय." पोरं त्यांना चिडवायला मुद्दाम काळोखातून ओरडायची. तात्यांना ते कळायचं. तरी ते प्रत्येक वेळी काठी टेकत तिकडे जायचे.

ते गेले त्या वर्षीच्या होळीला अंथरुणाला खिळलेले होते. मी सासरहून आले होते. अंधार पडला, खिडकीतून बोंबा ऐकू यायला लागल्या, तसे ते उठायची धडपड करू लागले. मी त्यांना धरून पुन्हा निजवलं.

"तात्या, पोरं आहेत ती. शिमगा करताहेत."

 ते म्हणाले, "त्या लोकांनाही तसंच वाटलं होतं."

मी चपला घातल्या आणि बंदरावर गेले.