जोडव्याच्या गाण्याचं तिसरं कडवं

आमच्या घरात टीव्ही आहे, पण मला रेडिओच आवडतो. टीव्हीवर गाणारी बाई सरळ आपल्याकडं बघते. मला कुणी असं बघितलं की मी पदर पुढं ओढते, मग गाण्याकडं ध्यान राहत नाही. रेडिओ कुणाकडं बघत नाही. धारूरच्या बाजारातून ह्यांनी तो बातम्यांसाठी आणला होता. दोन महिन्यांत तो माझा झाला.

दुपारी बारा वाजता बायकांचा कार्यक्रम लागतो. त्यात एकदा एक गाणं ऐकलं. नव्या नवरीचं पायातलं जोडवं रानात हरवतं. पहिल्या कडव्यात ती विहिरीला विचारते, दुसऱ्यात बाभळीला; तिसरं लागलं तेव्हा मी उतू जाणारं दूध उतरवायला धावले. चाल अशी, की भाकरी थापताना माझा हात आपोआप तिच्या ठेक्यावर पडायला लागला.

माझी शाळा चौथीपर्यंत. लेकीच्या जुन्या वहीत गाणं उतरवायला बसले, तर पहिलं कडवं लिहीपर्यंत दुसरं निघून जायचं. एखादं जोडाक्षर आलं की संपलंच. ते गाणं रोज लागायचं नाही. पंधरा दिवसांनी, महिन्यानं, कधीतरी. असं करत दोन कडवी मिळाली. तिसऱ्यासाठी अर्धं पान कोरं सोडलं. जोडवं सापडलं का, तेवढंच कळायचं राहिलं. विचारणार कुणाला? एवढ्याशा गोष्टीसाठी तोंड उघडायची मला लाज वाटायची.

मग कापसाची वेचणी सुरू झाली. दुपारी मी रानात, म्हणून रेडिओ बरोबर न्यायचं ठरवलं. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ते पटलं नाही.

"रानात कशाला त्यो? धूळ बसंल. घरी ठिव."

"घरी कोण ऐकतंय, आत्या?" मी हळूच म्हटलं.

त्या झाडू उचलून अंगण झाडायला लागल्या. ते तर सकाळीच झाडून झालं होतं.

वेचताना आम्ही कमरेला झोळी बांधतो. दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून रेडिओ मी झोळीच्या तळाशी ठेवला. चूक तिथंच झाली. बाराला नेमकं तेच गाणं लागलं. विहीर झाली, बाभूळ झाली. आनंदानं माझ्या हाताला असा जोर आला, की मी गाण्यावरच कापूस भरत गेले. तिसरं कडवं आलं, तेव्हा पोटापाशी नुसती गुणगुण राहिली होती.

शेजारच्या ओळीतून जाऊबाई ओरडल्या, "का गं, तुझ्या पोटात कोण गातंय?"

सगळ्या बाया खो-खो हसल्या. मी लाजून बांधाकडं पळाले आणि घाईत झोळी ढिगावर उलटी केली, रेडिओसकट. वरून बाकीच्यांच्या झोळ्याही पडल्या. मग सगळ्या कोपरापर्यंत हात घालून रेडिओ शोधायला लागल्या. जाऊबाईंना तो सापडला, तेव्हा त्यातला बाप्या खत कधी टाकायचं ते सांगत होता.

संध्याकाळी जाऊबाईंनी घरी ती सगळी नक्कल करून दाखवली. हे हसले, लेक हसली, मीही हसले. हसता हसता माझ्या तोंडून निघून गेलं, "हसा, पण माझं तिसरं कडवं गेलं ना!"

आत्या सुपात डाळ निवडत होत्या. मान वर न करता त्या गायला लागल्या. बारीक आवाज, पण चाल अगदी तीच. नवरी थकून घरी येते. सासू पदराची गाठ सोडून जोडवं तिच्या हातावर ठेवते आणि म्हणते, सकाळीच सापडलं होतं, झाडाझुडपाला विचारलंस, मलाच तेवढं नाही विचारलं.

मी बघतच राहिले. "आत्या, तुमाला कसं येतंय?"

"तू खाली मुंडी घालून लिहीत बसायचीस. मी ऐकत बसायचे. मनून तर मनलं, घरी ठिव."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तू इचारलंस का?"

मी वही आणली. आत्यांना अक्षरओळख नाही, पण त्यांची नजर माझ्या पेन्सिलीवर होती. पेन्सिल कागदावरून उचलली की त्या पुढची ओळ म्हणायच्या. रेडिओ माझ्यासाठी असा कधी थांबला नव्हता. कोरं अर्धं पान भरलं.

दुसऱ्या दिवशी रानात निघताना मी रेडिओ आत्यांच्या जवळ, कोनाड्यात ठेवला.

"नवं गाणं लागलं तर तिसरं कडवं ध्यानात ठेवा," मी म्हटलं.

"आन पहिली दोन?"

"ती बी."

"लईच कामाला लावतीस बाई," असं म्हणत त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. अजून बारा वाजायचे होते.