पाय लागला की

हसनाबादच्या कडूबाचा पाय जबर होता, पण हात फार आज्ञाधारक होता, आणि सगळा घोटाळा त्या हातानं केला.

आई गोजरबाईनं लहानपणापासून एक गोष्ट त्याच्या अंगवळणी पाडली होती. कुणालाही पाय लागला की लगेच वाकायचं, त्याला हात लावायचा आणि तो हात आपल्या कपाळाला न्यायचा. माणूस लहान असो की थोर, सुटका नाही. बाजारात, पंगतीत हे शोभून दिसायचं. फुटबॉलच्या मैदानावर मात्र त्याचा तमाशा व्हायचा.

जालन्याला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलता उचलता कडूबा संध्याकाळी छावणीच्या मैदानावर चेंडू लाथाडायला शिकला. अनवाणी खेळायचा, गोल राखायला बॅकला उभा राहायचा. त्याला चुकवून चेंडू पुढं नेणं कुणाच्या बापाला जमत नसे. १९३१ साली हैदराबादच्या एका गिरणीनं त्याला आपल्या टीमसाठी उचललं. टीममधून नाव गेलं की नोकरीही गेली, असा रोखठोक मामला. बाप वारलेला, घर त्याच्यावरच.

पहिल्याच सामन्यात त्यानं समोरच्या फॉरवर्डच्या पायातून चेंडू काढला. काढता काढता पाय नडगीला लागला. झालं! कडूबा वाकला, नडगीला हात लावला, कपाळाला नेला. तोवर दुसऱ्यानं गोल ठोकला होता. लोक हसून लोळले. पुढच्या सामन्यातही तेच.

टीमला शिकवायला मॅकलीन साहेब होता. स्कॉटलंडमध्ये पगारी खेळलेला, गुडघा गेल्यावर गिरणीच्या यंत्रांवर आलेला. तो लंगडत आला आणि म्हणाला, "कडूबा, माफी बाद में मांगो. नहीं तो गाँव जाओ."

कडूबा घाबरला. हात पाठीमागं बांधून सराव करू लागला. सोबत्यांना मुद्दाम पाय मारायचा आणि दात आवळून ताठ उभा राहायचा. पहिल्यांदा हात आवरला, त्या दिवशी त्याला घास गेला नाही. दुसऱ्या वर्षी मात्र तो पोटभर जेवू लागला. पुढं सहा वर्षं त्यानं गिरणीचा गोल राखला, पार मद्रासपर्यंत खेळून आला. त्याच्या नावानं पैजा लागत. साहेब त्याला "हमारे मुल्क का बॅक" म्हणायचा. साहेबाकडं याहून मोठं कौतुक नव्हतं.

१९३८च्या उन्हाळ्यात बहिणीच्या लग्नाला तो हसनाबादला आला. मांडवात पंगत बसली होती, कडूबा बुंदी वाढत होता. वळताना त्याचा पाय चुलत्याच्या, काकासाहेबांच्या, गुडघ्यावर बसला. चांगला जोरात. कडूबानं खाली पाहिलंसुद्धा नाही, पुढच्या पत्रावळीवर बुंदी वाढली.

सगळ्यांचे हात थांबले.

काकासाहेब म्हणजे गोजरबाईचे धाकटे दीर, तिनंच कडेवर खेळवलेले. "जाऊ द्या वहिनी," ते घाईघाईनं म्हणाले, "त्याला कळलं न्हाई."

"बराबर कळलं त्याला, भाऊजी," गोजरबाई म्हणाली. "पोटासाठी मीच धाडल्तं त्याला. मंग हे बी माझंच."

ती पुढं आली, सगळ्या सोयऱ्यांदेखत वाकली, दिराच्या गुडघ्याला हात लावला आणि कपाळाला नेला. काकासाहेब पानावरून उठले.

कडूबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला धरून उठवावं असं वाटलं, पळून जावं असंही वाटलं. वाकावं, हे मात्र त्याला तेव्हाही सुचलं नाही.