झोपवणारं मलम

आमच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करणाऱ्या बायकांचे दोन गट होते आणि भांडण मलमावरून होतं.

खोलीच्या मध्यभागी गरम रोलर. एका बाजूने दोघींनी ओल्या चादरीची टोकं धरून ती आत सरकवायची, दुसऱ्या बाजूने बाहेर येईल तिची आम्ही घडी घालायची. सरकवणाऱ्यांचे हात भाजायचेच. कधी मनगट, कधी अंगठ्याखालचा भाग, कधी बोटांची पेरं. म्हणून प्रत्येकीच्या एप्रनच्या खिशात एक ट्यूब असायची आणि कुणाची ट्यूब खरी यावरून जेवणाच्या सुट्टीत बायका हातघाईवर यायच्या. मी घडीवाली, माझा भाजण्याशी संबंध नाही. तरी मत द्यायला मी कुणाच्या बापाला भ्यायले नाही.

माझी थोरली बहीण, ताई, सरकवणाऱ्यांत सगळ्यांत जुनी. तिचं शास्त्र ठरलेलं होतं. कुणाला भाजलं की ती दंड धरून तिला नळाखाली उभी करायची. "हलायचं नाही. मरू देत त्या चादरी." बराच वेळ नळाचं साधं वाहतं पाणी, बर्फ नाही. मग व्हॅसलीनचा पातळ थर आणि वर स्वच्छ पट्टी. फोड आला तर त्याला नख लावायचं नाही. कापलं-खरचटलं तर आधी साबणपाण्याने धुवायचं, मगच जंतुनाशक मलम. मोठं भाजलं तर मलमाचं नावही काढायचं नाही, सरळ डॉक्टरकडे. एक नवी बाई भाजल्यावर टूथपेस्ट चोपडून आली, तर ताई म्हणाली, "दात आलेत का गं हाताला?"

दुसऱ्या गटाच्या ट्यूबमध्ये जागा बधिर करणारं औषध होतं. तिला आम्ही 'झोपवणारं' म्हणायचो. लावलं की आग थांबते, नळापाशी वेळ जात नाही, बाई परत रोलरवर हजर. मुकादमबाईंचा त्या ट्यूबवर फार जीव. ताई मात्र नाक मुरडायची. "दुखणं झोपलं की हातही झोपतो. मग दुसऱ्यांदा भाजलं तर कळणार कसं?"

मग भावोजी गेले. सकाळी कामावर जायला बूट घालत बसले होते, तिथेच कलंडले. ताई रडली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी दिलं, बूट कपाटात ठेवले आणि आठवड्याच्या आत रोलरवर उभी राहिली. बायका म्हणाल्या, काय धीराची बाई आहे! मला तो धीर वाटत नव्हता. मी तिच्याकडे राहायला गेले होते. पुढ्यात येईल ते ती खायची. एकदा मी मुद्दाम भाजीत मीठच घातलं नाही. तिने हूं की चूं न करता ताट संपवलं. मी चिडले, "अगं, काही कळलं का तुला?" तर माझ्याकडे बघत म्हणाली, "मीठ नव्हतं का?"

तिच्या एप्रनच्या खिशात झोपवणारी ट्यूब दिसली तेव्हा माझा डोळ्यांवर विश्वास बसेना.

"हे काय गं, ताई?"

"काम लवकर होतं."

"आणि नळ?"

"नळापाशी उभं राहिलं की विचार येतात," ती म्हणाली आणि पुढची चादर उचलली.

पुढे व्हायचं तेच झालं. अंगठ्याखाली भाजलं, तिने मलम थापलं, परत उभी राहिली. त्याच जागी पुन्हा भाजलं ते तिला कळलंच नाही. सालपट निघालं तरी वर पुन्हा तेच मलम. असं किती वेळा झालं, तिलाही सांगता येईना. शेवटी माझ्या बाजूने एक चादर बाहेर आली, तिच्यावर रक्ताचा डाग होता. मी बोंब मारून रोलर बंद करायला लावला. पलीकडे ताई स्वतःचा हात उलटसुलट करून बघत होती, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

डॉक्टरीणबाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. "बधिर करणारं मलम, आणि तेही उघड्या जखमेवर? रोज?" ताईने मान डोलावली. ड्रेसिंगच्या खेपा सुरू झाल्या. जखम सावकाश भरली, पण अंगठ्याखाली तिला काही जाणवेना. मालकांनी साफ सांगितलं, हाताला कळतं असं डॉक्टर म्हणाले तरच रोलरवर घेऊ, नाहीतर घरी बसा. पोटाचा प्रश्न नव्हता, भावोजींची पेन्शन येत होती. पण ताईचा जीव टांगणीला लागला. इतक्या महिन्यांत त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "दिवसभर त्या घरात मी करू काय? सांग ना, काय करू?" मला तिचा राग आला.

शेवटच्या तपासणीला मी बरोबर गेले. डॉक्टरीणबाईंनी सुई काढली. "डोळे मिटा. टोचलं की सांगा."

आधी मनगटाच्या वर. "टोचलं," ताई म्हणाली. मग करंगळीला. "टोचलं."

मग डॉक्टरीणबाई अंगठ्यापाशी आल्या आणि सुई तशीच हवेत धरून थांबल्या.

"टोचलं," ताई म्हणाली.

सुई अजून हवेतच होती. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"टोचलं. आत्ता पण टोचलं," ताई घाईघाईने म्हणाली.

मग त्यांनी खरोखर टोचलं. रक्ताचा थेंब वर आला.  ताई अजून डोळे घट्ट मिटून, मान थोडी पुढे काढून वाट बघत होती.

"ताई, उघड डोळे," मी म्हणाले.

तिने थेंब पाहिला. सुईकडे पाहिलं. मग तोच हात टेबलावर आणखी पुढे सरकवला.

"जरा जोरात टोचा ना, बाई," ती म्हणाली.