काकांची बढती

आमचे काका घरांना रंग देतात. यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. भिंत घासायची, भेगा बुजवायच्या, रंगाचा पहिला हात मारायचा, तो वाळला की दुसरा. एवढंच काम. सांगण्यासारखं आहे ते ब्रश हातात आल्यानंतरचं. शिडीवर एक माणूस दिसतो, त्याचा हात वर-खाली होत असतो, पण काका तिथं नसतात. हाक मारा, प्रश्न विचारा, घराला आग लागली म्हणून सांगा, उत्तर एकच येतं : "हं."

या "हं"चा आमच्या घरात सगळ्यांनी मनसोक्त फायदा घेतलाय. माझी चुलतबहीण तर या कामात फार पोचलेली. तिला लग्न करायचं होतं आणि मुलगा काकांना पसंत नव्हता. एका सकाळी काका स्वयंपाकघराची खिडकी रंगवत होते. ही मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, त्याच्याशीच करू ना लग्न?"

"हं."

खिडकी वाळायच्या आत तिनं मुलाकडच्यांना कळवून टाकलं. संध्याकाळी काका, "मी? मी कधी म्हणालो?" करत घरभर फिरले. पण काकू साक्षीला होत्या.

एकदा दोन घरांना मिळून एकच लांब कठडा होता. काकांनी आपल्या गिऱ्हाइकाचा भाग संपवला आणि तसेच पुढे जात राहिले. शेजारीण घरी येऊन बघते, तर तिचाही अर्धा कठडा पिस्ता रंगाचा. आभार मानायचे सोडून ती म्हणाली, "मग उरलेल्या अर्ध्यानं काय घोडं मारलंय?"

एकदा मी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही त्या वेळी विचार कसला करता हो?"

"विचार कसला डोंबलाचा! थेंब ओघळणार असं वाटतं, त्याच्या आधी हात तिथं पोचलेला असतो. मग पुढचा थेंब. दिवस कधी कलला ते कळत नाही. अंग दुखतं ते घरी आल्यावर."

"पण कंटाळा?"

"कंटाळायला तिथं कोणीतरी असावं लागतं ना बाबा."

अशा माणसाला रंगकामाची कंत्राटं घेणाऱ्या त्यांच्या मालकांनी मुकादम केलं. हेतू चांगला होता. काकांचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि इतक्या वर्षांत त्यांच्या कामाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. आता त्यांनी शिडी चढायची नाही, ब्रश धरायचा नाही. एक फोन बाळगायचा आणि चार ठिकाणच्या माणसांना कुठं काय रंगवायचं ते सांगायचं.

काकूंना आभाळ ठेंगणं झालं. शिडीवर चढलेला नवरा संध्याकाळी धड उतरेल ना, या काळजीत त्यांनी संसार काढला होता. आता रोज सकाळी त्या काकांचा शर्ट स्वतः इस्त्री करायच्या, खिशाला पेन लावायच्या आणि दारात उभ्या राहून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "अहो, फोन घेतला ना?"

काका मात्र दिवसेंदिवस सुकत चालले. पूर्वी अंगाखांद्यावर रंगाचे शिंतोडे घेऊन, दमून पण गुणगुणत यायचे. आता इस्त्रीसकट जसेच्या तसे परत यायचे आणि आल्या आल्या कशावरून तरी खेकसायचे. टॉवेल ओला का, दार उघडं का, मी इतका वेळ आरशात काय बघतो. (या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नाही.)

"आज काय केलंत?" काकू विचारायच्या.

"बोललो."

"आणि?"

"आणखी बोललो."

हे फार दिवस टिकणार नव्हतं. एका जिन्याच्या कामावर नवा माणूस कोपऱ्यात रंगाचे ओघळ सोडत होता. "दे इकडे, दाखवतो," म्हणून काकांनी ब्रश घेतला आणि कोपरा करता करता जिन्याने वर निघाले. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत मुकादम पार नाहीसे झाले होते. खाली ठेवलेला फोन वाजत होता. नव्या माणसानं तो उचलला आणि इमानेइतबारे काकांच्या कानाला नेऊन लावला.

पलीकडे दुसऱ्या कामावरचा माणूस होता. लहान मुलांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, रुग्ण बसतात त्या खोलीत तो डबे उघडून बसला होता. म्हणाला, "काका, इथं एका बंगल्याच्या फाटकाचा चॉकलेटी रंग येऊन पडलाय. भिंतींना हाच मारायचा का?"

"हं," काका म्हणाले.

त्या माणसालाही जरा शंका आली असावी. कारण त्यानं पुन्हा विचारलं, "चारही भिंतींना?"

"हं."

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं आणि त्यांना वाटलं दिवे गेलेत. दुसऱ्या दिवशी आलेल्या पहिल्याच पोरानं ती गुहा पाहून असं भोकाड पसरलं, की इंजेक्शनलाही कधी पसरलं नसेल.

मालक काकांवर ओरडले नाहीत, हेच वाईट. समोर बसवून म्हणाले, "ती खोली रविवारी तुम्हीच पुन्हा रंगवा. फिका रंग. पण सोमवारी मला एक काय ते सांगा. मुकादम राहायचं असेल तर पुन्हा ब्रशला हात लावायचा नाही. ब्रश हवा असेल तर फोन परत करा. दोन्ही एकदम तुम्हाला जमत नाही."

काकांना काय हवं ते आमच्या मांजरालाही ठाऊक होतं. पण ते काकूंना सांगणार कोण? शनिवारी काका तीनदा घसा खाकरून बसले आणि तिन्ही वेळा पाणीच मागितलं.

काकूंनी मात्र मनाशी ठरवलं होतं. रविवारी दुपारी डबा घेऊन निघताना मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. तिथं घरचं कोणी मध्ये पडायला नाही. आज वदवून घेते त्यांच्याकडून, ब्रश सोडला म्हणून."

"काकू, तिथं काहीही वदवून घेता येईल," मी म्हणालो. "हं म्हणतील."

"गप रे."

दवाखान्यात काका बुटक्या लाकडी घोडीवर उभे होते. चॉकलेटी झाकायला एक हात पुरला नव्हता. दुसरा वाळला होता, तिसरा चालू होता. भिंत आणि छत मिळतात तिथं ते रेघ ओढत होते. पट्टी नाही, दोरी नाही. ब्रश भिंतीला टेकलाय की नाही तेही कळेना, पण मागे रेघ उमटत होती. गुडघे कुरकुरत असलेच, तर ते काकांना कळवत नव्हते.

काकूंनी तोंड उघडलं, "अहो..." आणि थांबल्या. इतक्या वर्षांत त्यांनी काकांना घराबाहेर काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. पाहिले होते ते संध्याकाळी परत आलेले काका. त्या भिंतीकडेच्या बाकावर, तान्ह्या पोरांना घेऊन आया बसतात तिथं, डबा मांडीवर घेऊन बसल्या. एक अख्खी बाजू होईपर्यंत बघत राहिल्या. काकांनी वळून पाहिलं नाही.

"माझं मेलं एक काम असं सलग होत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "सुईत दोरा ओवायला घेतला की तुमच्यापैकी कोणीतरी हाक मारतंच."

 

मग त्या उठल्या. डबा बाकावर ठेवला. खुंटीवर काकांचा इस्त्रीचा शर्ट होता, त्याच्या खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला.

"हा मालकांना नेऊन दे. आजच. आणि त्यांना म्हणावं, खालची कामं द्या. दारं, खिडक्या, असल्या बुटक्या खोल्या. उंच शिडी नाही म्हणजे नाही."

"पण काकांना विचारायला नको?"

"विचार ना," काकू चपला घालत म्हणाल्या. "पण खाली उतरल्यावर. आत्ता नको."