रविवारच्या रकान्यातले बूट

बहरीनमध्ये आमचा रविवार शुक्रवारी असायचा. सुट्टी शुक्रवारी, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्सेची प्रार्थना शुक्रवारी, वसईला पत्रं लिहायची तीही शुक्रवारी. खऱ्या रविवारी सकाळी सातला मी हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये चादरी मोजत असे आणि नवरा मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये उभा असे. बारा वर्षं हेच चाललं की बाकीच्या जगाचा आठवडा वेगळा आहे हे डोक्यातून निघून जातं.

लिस्बनला गेलो ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. त्याच्या दोन वर्षं आधी नवऱ्याच्या डाव्या पायावर लोखंडी पाइप पडून दोन बोटं गेली होती. जखम भरली, पण कुठलाच बूट बसेना. पुढे कापूस कोंबून नवरा दिवस काढायचा आणि संध्याकाळी पाय भाकरीसारखा फुगायचा. फोरमन माणूस वाईट नव्हता. "रजेवरून या, मग बघू," एवढंच म्हणाला. पण बघू म्हणजे काय ते आम्हा दोघांना कळत होतं. दिवसभर उभं राहता आलं नाही, तर खलास, व्हिसा कॅन्सल. दोन्ही मुलं अजून वसईला शाळेत होती.

आमच्या हॉस्पिटलातली एक गोवेकर नर्स पूर्वी लिस्बनला राहिलेली होती. तिथे एक म्हातारा चांभार आहे, मोडक्या पायांच्या मापाचे बूट शिवतो, असं तिनं सांगितलं आणि गल्लीचा नकाशा काढून दिला. आजवरची प्रत्येक रजा वसईला गेली होती. एकदा घराचं छप्पर, एकदा नणंदेचं लग्न. या वेळी मी म्हटलं, पायाचं कामही होईल आणि आठवडाभर आपण दोघं शहर बघू.

मी वहीच्या पानावर सात रकाने आखले. सोमवारी पोहोचायचं, मंगळवारी सकाळी चांभार, पुढच्या सोमवारी पहाटे परत. मधल्या रकान्यांत बघण्याची ठिकाणं, ट्रामचे नंबर आणि प्रत्येक ठिकाणी किती मिनिटं, तेही.

चांभाराचं दुकान आमच्या स्वयंपाकघराएवढं होतं. त्याला इंग्रजी येत नव्हतं. नवऱ्यानं आपल्या जुन्या बुटाकडे बोट दाखवून "सपात" म्हटल्यावर तो हसला, कारण त्यांच्याकडेही जवळजवळ तोच शब्द. त्यानं कागदावर पाय ठेवून घेतला, पेन्सिल फिरवली, गेलेल्या बोटांच्या जागी अंगठा दाबून बराच वेळ बघितलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर शनिवारी बोट ठेवलं. माझ्या यादीत शनिवारी डोंगरावरचा राजवाडा होता. मी वहीत लिहिलं: बूट, रविवार, सकाळी दहा. कामाचा वार, गर्दी नसेल.

नंतरचे दिवस मजेत गेले, फक्त माझ्या वेगानं नाही. शहर सगळं चढ-उताराचं, रस्ते गुळगुळीत दगडांचे. नवरा प्रत्येक वळणावर बाक शोधायचा.

"काय मुकादम, आज किती ठिकाणं?"

"सहा."

"तीन मी बघतो. उरलेली तीन तू बघून ये आणि मला सांग."

गुरुवारी "नदी, वीस मिनिटं" असं लिहिलं होतं, तिथे आम्ही दीड तास बसलो. नदी कसली, खाडीच म्हणायची. कागदात गुंडाळलेले तळलेले मासे खात ते म्हणाले, "इथूनच गेले ना गं पोर्तुगीज आपल्याकडे?"

"हो. वसईला किल्ला बांधला त्यांनी."

"किल्ल्याऐवजी बूट शिवून ठेवले असते, तर आपला खर्च वाचला असता."

मी घड्याळ बघितलं नाही असं नाही, पण उठलेही नाही.

शुक्रवारी सवयीप्रमाणे आम्ही चांगले कपडे करून देवळात गेलो. आत पाच म्हाताऱ्या आणि आम्ही. नवरा कानाशी कुजबुजला, "एवढं मोठं देऊळ आणि माणसं कुठं गेली?"

"युरोपात आता कोणी येत नाही देवळात. ऐकलंय मी," मी ठणकावून सांगितलं.

शनिवारी राजवाड्याच्या पायऱ्या चढून पाय टम्म सुजला. रात्री ते मीठ घातलेल्या पाण्यात पाय बुडवून बसले होते. "उद्यापासून नवा बूट," म्हणाले.

रविवारी दहाला पोहोचलो, तर दुकानाचं दार बंद. शेजारचा पाववाला बंद, न्हावी बंद, सगळी गल्ली बंद. मी दार वाजवलं. मग वही उघडली आणि पानाकडे बघत राहिले.

"अहो, आज रविवार आहे."

"ते मला सकाळपासून माहीत आहे."

"तसा नाही. खरा रविवार."

ते दुकानाच्या पायरीवर बसले आणि बुटाची नाडी सैल केली. मग म्हणाले, "फोरमनला सांगू, बूट तयार आहेत. फक्त लिस्बनला आहेत." ते हसले, पण मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे विमान होतं आणि शनिवारच्या रकान्यात राजवाडा मीच लिहिला होता.

समोरच्या खिडकीत एक बाई कपडे वाळत घालत होती. तिनं आधी आम्हाला बघितलं, मग नवऱ्याचा पाय. दुकानाकडे बोट करून तिनं हात जोडले आणि ओरडली, "मिस्सा! मिस्सा!" त्याला दुभाषा लागला नाही.

देऊळ गल्लीच्या टोकालाच होतं, आणि गच्च भरलेलं. मिस्सेतून माणसाला ओढून काढता येत नाही, म्हणून आम्हीही मागे उभे राहिलो. एकानं नवऱ्याला जागा दिली. दानाची पिशवी फिरू लागली तेव्हा ती घेऊन रांगेरांगेनं येणारा माणूस म्हणजे आमचा चांभार! आमच्यापाशी येऊन तो थांबला. नवऱ्याच्या पायाकडे बघितलं, मान हलवली आणि पुढे गेला. बाकीची मिस्सा मी कशी ऐकली ते विचारू नका.

सुटल्यावर त्यानं रविवारच्या कोटातच दुकान उघडलं. काळे बूट, वरून अगदी साधे. डाव्यात पुढे बूच भरून कातडं लावलेलं. त्यानं गुडघ्यावर बसून स्वतः नाडी बांधली आणि दाराकडे हात केला. नवरा गल्लीच्या चढावर गेला, वळला, परत आला. पुन्हा गेला. खिडकीतली बाई कपडे सोडून बघत होती.

ट्रामपर्यंत जाताना ते माझ्यापुढे चालले होते. "अहो, जरा हळू," मी म्हटलं. त्या दिवसाच्या रकान्यात अजून चार ठिकाणं होती. आम्ही एकही बघितलं नाही. चढ दिसला की ते चढायचे, उतार दिसला की उतरायचे, आणि मी मागे.

बहरीनला परतल्यावर, रजा संपली त्या शनिवारी ते मीना सलमानला ड्यूटीवर गेले. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना खुर्चीत बसवून मी डावा बूट काढला, मोजा काढला आणि पाय दिव्याखाली धरला. घोटा दिसत होता. सूज नव्हती. वहीत त्या वारापुढे मी तेवढंच लिहिलं.